कंबरमोडीचा अर्क: डीपीपीएचचा रंग गेला, पण प्लेटवर झोन नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कंबरमोडीच्या फुलांचा मिथेनॉल अर्क काढला, डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग बघता बघता पिवळा झाला, पण ई. कोलाय या जिवाणूच्या प्लेटवर अर्काच्या चकतीभोवती झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, दिसलं नाही. गावात तर विळा लागला की याच रोपाचा पाला चोळून लावतात. मग चुकलं कोण, प्रयोग की गाव?

मला वाटतं, कोणीच नाही. डीपीपीएच हे मुक्त मूलक, म्हणजे एक इलेक्ट्रॉन सुटा राहिलेला रेणू. त्याला हायड्रोजन मिळाला की 517 नॅनोमीटरवरचं प्रकाशाचं शोषण उतरतं, म्हणजे जांभळा रंग जातो. या फुलांत ल्युटिओलिन, क्वेर्सेटिन अशी फ्लेव्होनॉइड गटातली संयुगं असतात आणि ती हायड्रोजन सहज देऊन टाकतात. जिवाणूला मारणं हे निराळं काम आहे. त्यासाठी रेणूला पेशीत शिरावं लागतं किंवा तिचं आवरण फोडावं लागतं. ई. कोलाय ग्रॅम-ऋण आहे, त्याला बाहेरून एक जादा पडदा असतो आणि वनस्पतींचे बरेच अर्क तिथंच अडतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसला तो पडदा नाही आणि जखमेत पू धरणाऱ्यांत तो नेहमीचा. पुढची प्लेट त्याची लाव.

शिवाय गावात लावतात तो पाला, तोही ताजा. तू तपासलीस वाळलेली फुलं, तीही मिथेनॉलमध्ये. पानाचा ताजा रस, पानाचा अर्क आणि फुलाचा अर्क असे तिन्ही शेजारी ठेवून बघ. तोच खरा प्रकल्प होईल.

झोन नाही म्हणजे परिणाम नाही, असंही समजू नकोस. मोठे किंवा पाण्यात न मिसळणारे रेणू प्लेटमधल्या जेलीसारख्या अगारमध्ये नीट पसरत नाहीत. त्यासाठी द्रव माध्यमात पायरीपायरीने अर्क पातळ करत जा आणि वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा शोध. अर्काच्या हिरव्या-पिवळ्या रंगामुळे गढूळपणा कळत नाही, म्हणून रेझाझुरिन हा निळा रंग टाक: जिवाणू जिवंत असतील तर निळ्याचं गुलाबी होतं. अर्काचा स्वतःचा रंग डीपीपीएचलाही फसवतो. अर्क आणि मिथेनॉल, डीपीपीएच न घालता, अशी एक नळी वाचून तो आकडा वजा कर. एकाच मात्रेची टक्केवारी देऊन थांबू नकोस. पाच-सहा मात्रा घे आणि तुलनेसाठी शेजारी ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) ठेव.

आता माझा अनुभव सांगतो, कारण त्यात आमच्या विद्यार्थ्यांचं एक अख्खं सत्र गेलं. प्लेटवर सुंदर झोन आले होते, सगळे खूश होते. नुसत्या मिथेनॉलची चकती कोणी ठेवलीच नव्हती. ती ठेवली तेव्हा तिच्याभोवतीही झोन! चकत्या पुरत्या वाळल्या नव्हत्या. तेव्हापासून कोऱ्या द्रावकाची चकती आणि ओळखीच्या प्रतिजैविकाची चकती नसेल, तर मी प्लेट बघतच नाही. अंबाडीच्या बोंडांचा अर्क घेणाऱ्यांनी सामूही मोजावा. तो इतका आंबट असतो की झोन नुसत्या आम्लानेही येऊ शकतो.

आपल्याकडची आणखी एक अडचण पुस्तकात सापडत नाही. साधा इनक्युबेटर, म्हणजे प्लेट उबेत ठेवायची पेटी, फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात खोलीच 43-44 अंशांवर असेल, तर आत 37 कुठून येणार? जिवाणू उष्णतेने मंदावतात आणि श्रेय अर्काला जातं. हे काम पावसाळा सरल्यावर कर, तेव्हा कंबरमोडीही धुऱ्याधुऱ्यावर असते. फुलं सावलीत वाळव, स्लॅबवरच्या उन्हात नको.

आणि कपाशीच्या वावरातून नमुना अजिबात घेऊ नकोस. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, हे आपण कोणी विसरलेलो नाही. पानावर फवाऱ्याचा अंश असेल, तर वेचणाऱ्यालाही धोका आणि निकालही खोटा. पडीक जागेतून घे, मुळासकट एक रोप दाबून वाळव आणि वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून ओळख पक्की करून घे. धुऱ्यावर तिच्यासारखी पिवळ्या फुलांची बरीच तणं असतात. लांब देठावर एकच फूल आणि कडेच्या पाकळ्यांना तीन दाते, ही तिची खूण.

राहिला पाला लावण्याचा प्रश्न. प्लेटवर उद्या मोठा झोन आला तरी अहवालात 'जखमेवर औषध' असं लिहू नकोस. पाल्यासोबत माती येते आणि मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात. तुझ्या घरी कोणाला विळा लागला तर आधी जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या लशीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

स्टॅफिलोकॉकसची प्लेट झाली की कोऱ्या चकतीसकट फोटो टाक. झोन मिलिमीटरमध्ये मोजून लिही, चकतीचे 6 मिलिमीटर धरलेत की नाही तेही सांग.