कॉलेज नको, की दातच नकोत?

जुलै उजाडला की माझ्या फोनवर याद्या यायला लागतात. वहीच्या पानाचा फोटो, मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘फायदे’, उजवीकडे ‘तोटे’. खाली प्रश्न: एमबीबीएस थोडक्यात हुकलं, अमुक कॉलेजला बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) मिळतंय, घ्यावं का? नीटचा निकाल लागल्यापासून सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की खालून चहा आणून देणाऱ्या पोरालाही आता बीडीएस म्हणजे चार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप हे पाठ झालंय.

यंदाची एक यादी मात्र मी जपून ठेवली आहे, मुलीची परवानगी घेऊन. तिला आपण केतकी म्हणू. नाव-गाव बदललंय, शिवाय दोघी-तिघींच्या गोष्टी तिच्यात मिसळल्या आहेत.

वडील उमरेडकडचे, शाळेत शिक्षक. पहिल्या दिवशी तेच बोलले. “मॅडम, दोन वर्षं कोचिंग झालं. आता हिंगणा रोडच्या एका कॉलेजात सीट लागली. घ्यायची का सोडायची, ते पोरगी सांगूनच नाही राहिली. नुसती यादी करून राहिली.”

यादी खरंच जंगी होती. सात फायदे, अकरा तोटे. फायद्यांत ‘नावापुढे डॉ. लागतं’, ‘रात्री-बेरात्री धावपळ नाही’, ‘स्वतःचा दवाखाना टाकता येतो’, ‘घराजवळ’. तोट्यांत ‘खरे डॉक्टर समजत नाहीत’, ‘गल्लोगल्ली दवाखाने झाले’, ‘एमडीएसशिवाय (पुढच्या पदव्युत्तर पदवीशिवाय) विचारत नाही कोणी’, ‘खुर्ची-मशीनला भांडवल लागतं’, ‘फी जास्त’, ‘पेशंट कमी येतात म्हणतात’, आणि सर्वांत खाली, वेगळ्या शाईत, ‘मामांचा विनय एमबीबीएसला लागला’.

पूर्वी मी अशा यादीला गुण द्यायला लावायची. प्रत्येक मुद्द्याला दहापैकी इतके, मग दोन्ही बाजूंची बेरीज. फार शास्त्रशुद्ध वाटायचं. एका मुलाची बेरीज कॉलेजच्या बाजूने स्पष्ट आली, त्याने प्रवेश घेतला, आणि दुसऱ्या वर्षी तो माझ्यासमोर बसून म्हणाला, “मॅडम, मला कवळीच्या मेणाचा वास सहन होत नाही.” यादीत मेण कुठेच नव्हतं. तेव्हापासून बेरीज बंद.

केतकीला मी लाल पेन दिलं. “यातली जी ओळ भारतातल्या कुठल्याही डेंटल कॉलेजला लागू पडेल, ती खोड.”

तिने खोडायला सुरुवात केली. डॉ. लागतं, खोड. खरे डॉक्टर समजत नाहीत, खोड. गल्लोगल्ली दवाखाने, भांडवल, एमडीएस... पेन भराभर चालत होतं. विनयच्या ओळीपाशी ते थांबलं.

“ही कुठल्याही कॉलेजला लागू पडते का?”

“पडते ना. मी कुठेही गेली तरी तो एमबीबीएसच राहणार.”

खोडली. फायद्यांत एक ओळ उरली: घराजवळ. तोट्यांत दोन: फी, आणि पेशंट कमी येतात म्हणतात. अठरापैकी तीन. म्हणजे ज्या कॉलेजबद्दल घरात तीन आठवडे जेवणाच्या ताटावर वाद चालला होता, त्याच्याबद्दल त्या कागदावर जेमतेम तीन ओळी होत्या. बाकी सगळा खटला दातांवर होता.

ही खोडण्याची युक्ती दुसऱ्या कोणाची तरी आहे, असं नम्रपणे सांगायला हवं. पण ती माझीच आहे, आणि मला तिचा थोडा अभिमान आहे. यादी घेऊन येणाऱ्या दहांतल्या आठांना वाटतं आपल्याला एक प्रश्न पडलाय. असतात दोन. दंतवैद्यक करायचं का, हा एक. या कॉलेजात करायचं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर द्यायची भीती वाटते म्हणून माणूस दुसऱ्यावर वाद घालतो. कॉलेजला नावं ठेवणं सोपं असतं. “मला हे हवं होतं का, हे मी स्वतःला कधी विचारलंच नाही,” असं म्हणणं अवघड असतं.

त्याच महिन्यात आलेल्या एका मुलाच्या यादीत खोडाखोड झाल्यावर तोट्याच्या बाजूला काहीच उरलं नाही. कॉलेज उत्तम होतं. तो बराच वेळ कागदाकडे पाहत बसला आणि म्हणाला, “म्हणजे मला दातच नको आहेत.” त्याने सीट घेतली नाही. मला ते अपयश वाटत नाही. बीडीएस करता करता एमबीबीएसला वळता येत नाही. परत नीटच द्यावी लागते. ‘आता घेऊ, पुढे बघू’ म्हणणाऱ्या पालकांना मी हे आधी सांगते.

केतकीचं मात्र तसं नव्हतं. दुसऱ्या भेटीत मी विचारलं, “एमबीबीएस का हवं होतं?”

“व्हायलाच पाहिजे होतं ना मॅडम.”

मी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिसच्या विचारांवर वाढलेली, कि. मो. फडक्यांनी तो विचार मराठीत आणला नसता तर मी कदाचित या खोलीत बसलेच नसते. त्यामुळे माझा कान ‘च’वर असतो. माणूस स्वतःला छळतो ते बहुधा त्या एका अक्षराने. व्हावंसं वाटत होतं आणि झालं नाही, तर वाईट वाटतं. व्हायलाच पाहिजे होतं आणि झालं नाही, तर आपणच फुकट गेलो असं वाटतं. पहिल्यातून माणूस चार दिवसांत उठतो. दुसऱ्यात तो याद्या करत बसतो.

“तेच वाक्य ‘च’ काढून म्हण.”

“व्हायला पाहिजे होतं.” तिने पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. डोळे भरले, पण खांदे खाली आले. त्या दिवशी एवढंच.

पुढच्या भेटीआधी मी तिला कामाला लावलं. दोन सकाळी, दोन ओपीडी. एक तिला मिळालेल्या कॉलेजची, दुसरी मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयाची. तिथे तिचा नंबर लागणार नव्हता, पण 1968 पासून चाललेल्या सरकारी दवाखान्याची सकाळ बघितली की तुलनेला माप मिळतं. अट एकच: कोणालाही ‘कॉलेज कसं आहे’ विचारायचं नाही. इंटर्न दिसला की विचारायचं, गेल्या आठवड्यात तू स्वतः किती दात काढलेस? रूट कॅनाल तू केलंस, की शेजारी उभा राहून पाहिलंस? केसेसचा कोटा पूर्ण करायला पेशंट कुठून आणतोस? त्यांचे पैसे तुझ्या खिशातून जातात का?

हे प्रश्न मी उगाच काढलेले नाहीत. हिशोब बघा. शंभर जागांचं कॉलेज असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची मिळून दोनशे मुलं, वर शंभर इंटर्न, वर एमडीएसवाले. सकाळच्या ओपीडीत साठ माणसं आली तर कोणाच्या वाट्याला काय येणार? दंतवैद्यक हे हाताचं शिक्षण आहे. पुस्तक सगळीकडे तेच, परीक्षाही नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची तीच (अभिमत विद्यापीठं सोडून). फरक पडतो तो खुर्चीत बसलेल्या माणसाने. पालक इमारत बघतात, हॉस्टेलचं जेवण बघतात. मी म्हणते मंगळवारी सकाळी साडेदहाला जाऊन खुर्च्या मोजा आणि त्यांतल्या किती भरलेल्या आहेत ते बघा. फीचं म्हणाल तर शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेला आकडा बघायचाच. पण अवजारं, साहित्य, परीक्षा, हॉस्टेल, मेस यांचा खर्च त्याच्या बाहेर असतो, तो तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलाकडून लिहून घ्यायचा.

तिसऱ्या भेटीला केतकी आली ती बसायच्या आधीच बोलायला लागली. त्या खासगी कॉलेजात एका विभागात चौदा खुर्च्या होत्या, पाचांवर माणसं, बाकीच्यांवर प्लास्टिक ओढलेलं. एका इंटर्नने हसत सांगितलं, कोट्यासाठी मी माझ्या मेसवाल्या काकूंना दोनदा आणलं. हे ती पटकन बोलून गेली. मग मेडिकलचं सुरू झालं आणि ती थांबेचना.

बाकावर तिच्या शेजारी एक माणूस बसला होता. तिशीतला असेल, ऑटो चालवणारा. आत बोलावलं तेव्हा ती दाराशी उभी होती. इंटर्न म्हणाली, “दादा, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला.” त्याने प्रयत्न केला. एक बोट गेलं, दुसरं अर्धं अडकलं. “खर्रा?” तिने तंबाखू-सुपारीबद्दल विचारलं. त्याने मान हलवली. किती वर्षं? बारा. केतकी मला स्वतःची बोटं तोंडाशी नेऊन दाखवत होती, “असं, मॅडम, एवढंच उघडत होतं. भाजी तिखट असली की आग होते म्हणाला. गालाची कातडी आतून पांढरी पडली होती, दोरीसारखी कडक. ती ताई बोट लावून बघत होती आणि त्याला समजावत होती, पुढे याचा कॅन्सर होऊ शकतो. तो बाहेर येऊन परत खिशात हात घालून राहिला होता ना!” तिला त्याचा राग आला होता. चांगला, कामाचा राग.

आपल्या नागपुरात पानठेल्यावर घोटला जाणारा खर्रा आपण सगळेच रोज बघतो. तीही जन्मापासून बघत होती. पण त्या दिवशी तिने तो आतून बघितला.

मी घड्याळ बघितलं. अठरा मिनिटं झाली होती आणि एमबीबीएस हा शब्द एकदाही आला नव्हता. मी तिला तेवढंच सांगितलं. ती गप्प झाली. पाऊस पडत होता, खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, सुरू होत नव्हती. मग ती म्हणाली, “मला दात नको आहेत असं नव्हतंच, मॅडम. मला ते कॉलेज नको आहे.”

समुपदेशक म्हणून अशा क्षणी काही बोलायचं नसतं. मी चहा मागवला.

पहिला प्रश्न सुटला की दुसरा व्यवहाराचा उरतो. तिने स्टेटस रिटेन्शनचा (मिळालेली जागा कायम ठेवण्याचा) फॉर्म भरला नाही, कारण तो भरला की पुढच्या फेऱ्यांत विचार होत नाही. आणि पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळालं की हातातलं आपोआप जातं, हे वडिलांना नीट समजावून दिलं. माहितीपत्रक त्यांनी शिक्षकी बाण्याने अधोरेखित करत वाचलं. नंतरच्या फेरीत तिला दुसरं खासगी कॉलेज लागलं. घरापासून लांब, फी जवळपास तेवढीच, ओपीडीत मात्र रांग असलेलं. ती स्वतः जाऊन मोजून आली होती.

वडिलांचा एकच प्रश्न शिल्लक होता. “मॅडम, सोसायटीत काय सांगायचं?”

“सांगा ना, पोरगी दातांच्या कॉलेजात गेली म्हणून,” केतकीच म्हणाली.

परवा तिचा मेसेज आला. सोबत फोटो: तळहातावर मेणाचा एक समोरचा वरचा दात, एका बाजूला जरा फुगलेला. ‘आज पहिला दात कोरला. सरांनी मोडून परत करायला लावला. उद्या परत.’