मुलगी नुसतं सॉफ्टवेअर बसवते, पुढं काय?

साखळीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पणजीतल्या एका संस्थेत इंटर्नशिप करते. तिथल्या लिनक्स आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमवर चालणाऱ्या मशीनसाठी मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरची पॅकेजेस बनवायचं काम तिला दिलंय, आणि ती त्यात रमलीय. वडील विचारतात, ‘कोडिंग सोडून इन्स्टॉल करत बसली तर पुढं काय? फुकटच्या सॉफ्टवेअरला पगार कोण देणार?’

नमस्कार. बायला हे काम जरूर करू द्या.

एका मशीनवर प्रोग्राम बसवणं सोपं असतं. सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, उतरवायचा, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या आज्ञा द्यायच्या, झालं. पण पन्नास-शंभर मशीनवर ज्यानं-त्यानं असंच केलं, की वर्षभरानं कुठं कुठली आवृत्ती आहे, ती कोणी टाकली, कुठली लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) काढली तर काय बंद पडेल, हे कोणालाच सांगता येत नाही. पॅकेजमध्ये फायलींची यादी, आवृत्ती, लागणाऱ्या इतर पॅकेजेसची नोंद, बसवताना आणि काढताना चालणाऱ्या स्क्रिप्ट असं सगळं असतं. एकदा बिल्ड करायचं, म्हणजे सोर्सपासून पॅकेज तयार करायचं, चाचणीच्या मशीनवर घालून बघायचं, डिजिटल सही करून संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजेसच्या कोठारात, ठेवायचं, आणि मग सगळ्या मशीननी तिथूनच घ्यायचं. तुमची मुलगी हे शिकतेय.

हे किती जोखमीचं आहे ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरवाट घातली होती. ती चालू करणारा तुकडा गिटमधल्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातल्या) सोर्समध्ये नव्हता, फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे सोर्सच्या गठ्ठ्यात, होता, आणि डेब किंवा आरपीएम या लिनक्सवरच्या प्रकारांतलं पॅकेज बिल्ड होत असेल तरच तो कामाला लागे. म्हणजे नेम थेट पॅकेज करणाऱ्यांवर होता. एसएसएचनं, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या लक्षात आलं, त्यांनी माग काढला, म्हणून ते उघडकीला आलं. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या स्टेबल, म्हणजे स्थिर, आवृत्तीत ते पोचलंच नव्हतं, कारण तिथं नवीन ते लगेच घेत नाहीत. टारबॉल कुठून आला, सोर्सशी जुळतो का, हे बारकाईनं बघणाऱ्या माणसांना मी फार मानतो.

पगाराचं म्हणाल तर आयबीएमनं २०१९ मध्ये रेड हॅट ही लिनक्सवाली कंपनी ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. तिचं सॉफ्टवेअर मुक्तच आहे. गिऱ्हाइकं पैसे मोजतात ते वेळेवर मिळणाऱ्या दुरुस्त्यांसाठी आणि मदतीसाठी. नोकरीच्या जाहिरातींत मात्र सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर, डेव्हऑप्स, रिलीज इंजिनिअर अशी नावं शोधा.

गोव्यात अशा जागा मोजक्याच, हे स्पष्ट सांगायला हवं. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, झुआरीनगरचं बिट्स, आयआयटी गोवा यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा. संशोधनाची मोठी आकडेमोड बहुधा लिनक्सवरच चालते. पण सुरुवातीची काही वर्षं पुण्याला किंवा बंगळुरूला काढायची तयारी असू द्या.

कोडिंग तिनं सोडायचं नाहीच. शेल (आज्ञांच्या स्क्रिप्ट) आणि पायथन रोजच्या वापरात हवं, आणि दुसऱ्याचा सी भाषेतला कोड वाचता यायला हवा, नाहीतर बिल्ड अडलं की हात टेकावे लागतात. चवथीच्या सुट्टीत घरच्या संगणकावर दोन व्हर्च्युअल मशीन (संगणकातले आभासी संगणक) करून डेबियन घालायला सांगा. एखाद्या छोट्या प्रोग्रामचं डेब पॅकेज करावं, पॅकेजमधल्या चुका दाखवणाऱ्या लिंटियननं तपासावं, रेप्रेप्रो या साधनानं स्वतःची रिपॉझिटरी उभारावी आणि दुसऱ्या मशीनवर तिथून ॲप्ट या पॅकेज बसवणाऱ्या साधनानं बसवावं. मग नवी आवृत्ती द्यावी आणि शेवटी पूर्ण काढून टाकावं. काढताना मागं काय राहतं यात खरं शिकायला मिळतं. त्यानंतर डेबियनमधली एखादी छोटी त्रुटी दुरुस्त करून पाठवावी. तिथं पदवी विचारत नाहीत, आणि केलेलं काम नावानिशी सगळ्यांना दिसतं. सर्टिफिकेट घ्यायचंच झालं तर रेड हॅटचं आरएचसीएसए घ्यावं. ती परीक्षा प्रत्यक्ष मशीनवर काम करूनच द्यावी लागते.

संस्थेत केलेली पॅकेजेस बाहेर दाखवायची असतील तर मात्र आधी तिथल्या वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी. ती इंटर्नशिप संपायच्या आत मागितलेली बरी.