टीडीएस मीटरला हार्डनेस दिसत नाही

प्रश्न : सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) बसवण्याआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचं प्रमाण, ६२० होता, बसवल्यावर ६१५. मशीन बिघडलेलं आहे का?

उत्तर : मशीन ठीक असेल, मीटर भलत्या कामाला लावलंय. सॉफ्टनर पाण्यातले क्षार काढून टाकत नाही, बदलून देतो. त्याच्यातले रेझिनचे (प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) दाणे कॅल्शियमचा एक कण धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात सोडियमचे दोन सोडतात. म्हणजे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं की ४६ मिलिग्रॅम सोडियम आलं. टीडीएस मीटर फक्त विद्युतवाहकता मोजतं; क्षार कोणता आहे, हे त्याला कळत नाही.

हार्डनेस, म्हणजे पाणी जड करणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजायला थेंबांचं किट वापरा. नमुन्यात आधी किटमधलं बफर, मग इरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग टाका. पाणी लालसर झालं तर हार्डनेस आहे. मग रंग निळा होईपर्यंत ईडीटीएचे (हार्डनेस बांधून ठेवणाऱ्या द्रावणाचे) थेंब मोजत टाका. सॉफ्टनर नीट चालत असेल तर पाणी मुळातच निळं दिसेल. किट नसेल तर अर्धी बाटली पाण्यात साध्या साबणाचा थोडा कीस टाकून जोरात हलवा. फेस टिकला आणि खालचं पाणी नितळ राहिलं तर पाणी मऊ; पाणी गढूळ होऊन वर चिकट साय धरली तर जड. शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड घेऊ नका, त्यांचा फेस जड पाण्यातही होतो.

प्रश्न : मिठाची टाकी भरलेली आहे, तीन आठवडे मीठ उतरलेलंच नाही. नळावर पुन्हा पांढरे डाग पडतात.

उत्तर : रेझिनवर साचलेलं कॅल्शियम मिठाच्या पाण्याने धुतलं जातं; मीठ संपत नाही म्हणजे रेझिन धुतलं जात नाही. बहुतेक वेळा दमटपणामुळे मिठाचा कडक थर धरलेला असतो आणि त्याखाली पोकळी असते. वरून टाकी भरलेली दिसते, पण पाणी मिठाला टेकतच नाही. लाकडी दांडा हलक्या हाताने खाली सरकवा; मध्येच अडला आणि पुढे एकदम भसकन गेला तर हेच कारण. थर तुकड्या-तुकड्याने फोडा. सळई वापरून टाकीच्या भिंतीवर ठोके मारू नका, प्लास्टिकला चीर जाते.

थर नसेल तर रीजनरेशन (रेझिनची ही धुलाई) हाताने चालू करा आणि मिठवणी, म्हणजे मिठाचं पाणी, ओढण्याच्या टप्प्यात टाकीतली पातळी बघा. ती उतरायला हवी. जागची हलत नसेल तर इंजेक्टर (मिठवणी ओढून घेणारा बारीक भोकाचा भाग) तुंबलेला असतो, किंवा मिठवणीच्या नळीच्या नटातून हवा शिरते, किंवा निचऱ्याची नळी कुठेतरी दुमडलेली असते. शेवटचं कारण आधी तपासा, ते फुकटात सुटतं. इंजेक्टर काढण्याआधी बायपास लावा, म्हणजे पाणी सॉफ्टनरला वगळून जाऊ द्या, आणि दाब सोडा. त्याचं भोक दात कोरायच्या काडीने साफ करा. पिनेने ते मोठं होतं, मग ओढ कायमची बिघडते.

आता हिशेब. २५ लिटर रेझिनला लिटरमागे १०० ग्रॅम धरून एका वेळी अडीच किलो मीठ लागतं. लिटरभर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळतं, म्हणून टाकीत दर वेळी सात लिटर पाणी यायला हवं. एवढ्या मिठात रेझिनच्या प्रत्येक लिटरला सुमारे ४५ ग्रॅम हार्डनेस (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात, पुढेही तसाच) धरता येतो, एकूण अकराशे ग्रॅम. पाण्याचा हार्डनेस लिटरला ४०० मिलिग्रॅम असेल तर ही ताकद २,७०० लिटरच्या आसपास संपते. सॉफ्टनरचं पाणी मोजणारं मीटर २,४०० लिटरवर लावा. मीठ दुप्पट ओतून पाणी दुप्पट मिळत नाही, दीडपटही जेमतेम. आणि बारीक मीठ टाळा, त्याचा तळाशी चिखल होतो.

मीठ व्यवस्थित उतरतंय तरी पाणी जडच, असं असेल तर रेझिन पाहा. लालसर तपकिरी कीट म्हणजे पाण्यात लोह आहे. ते नुसत्या मिठाने निघत नाही. रेझिन क्लीनर वापरा आणि सॉफ्टनरच्या आधी लोहाचा फिल्टर बसवा.

प्रश्न : सॉफ्टनर आहे, मग प्यायला आरओ कशाला?

उत्तर : सॉफ्टनर जंतू मारत नाही, फ्लोराइड, आर्सेनिक यांनाही हात लावत नाही. शिवाय प्रत्येक १०० मिलिग्रॅम हार्डनेसमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. ४०० हार्डनेस असेल तर लिटरला १८४. मीठ कमी खायला सांगितलेल्या माणसाने हे डॉक्टरांना विचारावं. झाडांनाही हे पाणी घालू नका. पण आरओच्या आधी सॉफ्टनर असेल तर मेंब्रेनवर (आरओच्या क्षार अडवणाऱ्या पडद्यावर) चुन्याचा थर बसत नाही, आणि ते सोडियम आरओ बरंचसं काढतो. गढूळपणाचा आणि कार्बनचा फिल्टर मात्र मेंब्रेनच्या आधी हवेतच. कार्बन वेळेवर बदलला नाही तर क्लोरीन मेंब्रेन खातं.

इथे टीडीएस मीटर खरं कामाचं. यंत्र दहा मिनिटं चालू द्या, मग मोजा. आत ६०० आणि बाहेर ४८ म्हणजे ९२ टक्के क्षार अडले. हे प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली गेलं की मेंब्रेन बदलायला झालं.

प्रश्न : पाण्यातले जंतू मारणारा यूव्हीचा दिवा निळा जळतोय, तरी मेकॅनिक बदलायला सांगतो. फसवतोय का?

उत्तर : नाही, निदान या बाबतीत तरी नाही. डोळ्याला दिसणारी निळाई टिकते, पण जंतू मारणारे अदृश्य किरण क्षीण होत जातात. सतत चालणारा दिवा साधारण ९,००० तासांनी, म्हणजे वर्षभराने बदलावा. त्याच वेळी बाहेरची क्वार्ट्झची नळीही पाहा. तिच्यावर पांढरा थर असेल तर नवा दिवाही उपयोगाचा नाही. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवली की तो निघतो.