जिल्ह्याच्या गावी व्हिपल

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

एमसीएच, म्हणजे सर्जरीतली वरची पदवी, करून गावी परतलीस, पन्नास खाटांच्या हॉस्पिटलात रुजू झालीस आणि आता पहिली व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढायची मोठी शस्त्रक्रिया, लावायची म्हणतेस. कावीळ आहे, सीटीत गाठ निघण्याजोगी दिसतेय, आणि नातेवाईक म्हणतात, "मॅडम, मुंबईला कुठे पाठवता, तुम्हीच करा." हे शेवटचं वाक्य ऐकायला फार गोड लागतं. सांभाळ.

तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. पोर्टल व्हेनवरून, यकृताकडे जाणाऱ्या त्या मोठ्या शिरेवरून, गाठ सोडवताना तुला मी पाहिलंय. पण व्हिपलचा पेशंट टेबलावर क्वचित दगावतो. तो दगावतो पाचव्या, आठव्या, बाराव्या दिवशी. स्वादुपिंड मऊ असतं, नळी बारीक असते, आतड्याशी केलेली जोड थोडी गळते आणि तो पाचकरस गॅस्ट्रोड्युओडिनल धमनीचं बांधलेलं टोक कुरतडत राहतो. एका संध्याकाळी ड्रेनमध्ये, पोटातून बाहेर काढलेल्या नळीत, चमचाभर रक्त दिसतं आणि आपोआप थांबतं. घोटाळा या थांबण्यातच आहे, मोठा रक्तस्राव त्यानंतर येऊ शकतो.

माझ्या उमेदीच्या काळात एका छोट्या हॉस्पिटलात अगदी असंच झालं. आठवा दिवस. सिस्टरने वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, 'ड्रेन किंचित लालसर'. आरएमओने, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने, नाडी पाहिली, ठीक होती, मला उठवलं नाही. पहाटे साडेचारला फोन आला तेव्हा पोट फुगलं होतं. हाताशी रक्ताच्या दोन पिशव्या. एम्बोलायझेशन, म्हणजे वाहती धमनी आतूनच बंद करणं, ते करणारा माणूस दीडशे किलोमीटरवर. मी पुन्हा पोट उघडलं, पण पेशंट वाचला नाही. सिस्टरला कशी दोष देऊ? तिने तसं रक्त पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं, आणि त्याचा अर्थ मीही तिला सांगितला नव्हता.

आता आकडे. बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदी मांडल्या, म्हणजे बहुतेक पासष्टीपुढचे पेशंट. वर्षाला सरासरी एकही केस होत नव्हती अशा हॉस्पिटलांत स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू १६.३ टक्के, सोळाहून जास्त होत होत्या तिथे ३.८. त्याच अभ्यासात मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या शस्त्रक्रियेत हा फरक जेमतेम ०.२ टक्के होता. मोठी शस्त्रक्रिया म्हणजे सगळीकडे सारखाच धोका, असं नाही. व्हिपलचा स्वभावच वेगळा. या फरकाचं कारण नुसता सर्जनचा हात असता, तर तू आणि मी रोज सराव करून ही दरी बुजवली असती.

नेदरलँड्समध्ये हॉस्पिटलला वर्षाला किमान वीस केसेसची अट होती. म्हणजे तिथे सगळे सरावलेलेच. तरीही त्यांच्या सतरा केंद्रांनी तिसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत प्रत्येक पेशंटला रोज ठरलेल्या पद्धतीने तपासायचं, सीटी कधी करायचा, ड्रेन कधी काढायचा हे आधीच ठरवून ठेवायचं, असं सुरू केलं. २०२२ मध्ये निकाल आला : नव्वद दिवसांतले मृत्यू ५ टक्क्यांवरून ३ वर. टाके तेच होते, लक्ष लवकर गेलं इतकंच.

म्हणून हा पेशंट टाटाला पाठव. नातेवाइकांना परळच्या फुटपाथवर झोपावं लागेल, मजुरी बुडेल, हे मला माहीत आहे, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही. तरीही पाठव. पाठवण्याआधी मात्र तुझं खरं काम आहे. कावीळ उतरवायला पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे नळी, टाकायच्या आधी स्वादुपिंडाचा नीट सीटी करून घे, नंतर चित्र बिघडतं. ताप-थंडी नसेल, बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) फार चढलेलं नसेल आणि ऑपरेशन लवकर होणार असेल, तर स्टेंटच नको. २०१० च्या डच चाचणीत आधी स्टेंट टाकलेल्यांत गंभीर गुंतागुंत ७४ टक्के, थेट ऑपरेशन झालेल्यांत ३९. तारीख लांबणार असेल तर टाटाच्या डॉक्टरांशी बोलून ठरव.

आणि तूही सोबत जा. वॉश हो, म्हणजे ऑपरेशनला हात धुऊन टेबलाशी उभी राहा, पण ऑपरेशन संपल्यावर गाडी पकडू नकोस. आठवडाभर रात्रीच्या राउंडला उभी राहा. ड्रेन लालसर दिसला की तिथली सिस्टर पहिला फोन कुणाला करते, ते बघून ये.

सीटीची सीडी कुरिअर करू नकोस, वेळ जातो. आज रात्री लिंक पाठव. मी जागाच असतो.

तुझा,
सर