डेटाबेसला वेसण घालताना

प्रश्न : आमच्या १६ जीबी मेमरी आणि ८ कोअर असलेल्या एकाच लिनक्स सर्व्हरवर संकेतस्थळाचे ॲप्लिकेशन आणि पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस हे दोन्ही चालतात. महिनाअखेरीचे अहवाल काढायला घेतले की डेटाबेस सगळी मेमरी आणि सीपीयू व्यापून टाकतो व संकेतस्थळ उघडेनासे होते. डेटाबेसच्या प्रोसेसला निम्म्याहून अधिक साधने मिळू नयेत, अशी मर्यादा ऑपरेटिंग सिस्टिमकडून घालता येईल का? मुख्य प्रोसेसचा प्राधान्यक्रम ‘रीनाइस’ या लिनक्सच्या आज्ञेने खाली आणून पाहिला, पण फरक पडला नाही.

उत्तर : मर्यादा घालता येते, परंतु आपण मागितलेल्या स्वरूपात ती घातली तर संकेतस्थळ बहुधा आणखीच मंदावेल. कारण संकेतस्थळाच्या क्वेरी, म्हणजे माहितीसाठीच्या विचारणाही त्याच डेटाबेसमध्ये चालतात आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने पाहुण्याने मागितलेले एक पान आणि तासभर चालणारा अहवाल या दोन्ही एकाच सेवेच्या प्रोसेस असतात. सेवेवर सरसकट बंधन घातले की ते दोघांच्याही वाट्याला येते. म्हणून अहवालाला आवर घालण्याची सुरुवात डेटाबेसच्या आतूनच करावी, असे आमचे मत आहे.

‘रीनाइस’चा उपयोग का झाला नाही, हे आधी पाहू. सीपीयूसाठी चढाओढ असेल तेव्हा कोणाला किती वेळ मिळावा, एवढेच तो प्राधान्यक्रम ठरवतो. मेमरीशी त्याचा संबंध नसतो. शिवाय पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करतो, त्यामुळे मुख्य प्रोसेसचा क्रम बदलला तरी आधीपासून चालू असलेल्या जोडण्या जशाच्या तशा राहतात.

मेमरीच्या बाबतीत खरा घोटाळा बहुतेक वेळा ‘वर्क मेम’ या सेटिंगमध्ये असतो. ती मर्यादा संपूर्ण डेटाबेससाठी किंवा एका जोडणीसाठी आहे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती क्वेरीतील प्रत्येक सॉर्ट (क्रम लावणे) किंवा हॅश (जुळणी, गटवारी यांसाठी तक्ता बांधणे) क्रियेला वेगवेगळी लागू होते. समजा ती ६४ एमबी ठेवली आहे, एका क्वेरीत तीन सॉर्ट आहेत आणि अशा ४० जोडण्या एकाच वेळी काम करीत आहेत, तर ६४ गुणिले ३ गुणिले ४० म्हणजे ७,६८० एमबी, अर्थात साडेसात जीबी मेमरी केवळ सॉर्टसाठी खर्च होऊ शकते. हॅश क्रियांना तर १५व्या आवृत्तीपासून मुळातच याच्या दुप्पट मुभा आहे. ‘शेअर्ड बफर्स’चा, म्हणजे सर्व जोडण्यांच्या सामायिक कॅशचा हिस्सा याहून वेगळा. केवळ डेटाबेससाठी राखलेल्या सर्व्हरवर तो एकूण मेमरीच्या सुमारे २५ टक्के ठेवण्याची शिफारस केली जाते, पण आपला सर्व्हर सामायिक असल्याने ३ जीबीपासून सुरुवात करावी.

यावर उपाय असा, की अहवालांसाठी स्वतंत्र रोल, म्हणजे डेटाबेसमधील वेगळे खाते तयार करावे. सर्वसाधारण ‘वर्क मेम’ मूळच्या ४ एमबीच्या आसपास ठेवून केवळ या रोलला ती वाढवून द्यावी, त्याच्या एकाच वेळच्या जोडण्यांवर दोनची मर्यादा घालावी आणि ‘मॅक्स पॅरलल वर्कर्स पर गॅदर’ हे सेटिंग त्याच्यापुरते शून्य करावे. हे शेवटचे सेटिंग मुळात दोन असते. म्हणजे एका क्वेरीच्या मदतीला आणखी दोन प्रोसेस धावून येऊ शकतात. ते शून्य केले की दोन जोडण्यांचे अहवाल मिळून फार तर दोन कोअर वापरतील आणि उरलेले सहा संकेतस्थळाला मोकळे राहतील. निम्म्याची मर्यादा आपण मागितली होती, ती अशी त्याहूनही कडक होऊन मिळते, आणि तीही नेमक्या दोषी कामावर. सोबत ‘स्टेटमेंट टाइमआउट’ (क्वेरीची कालमर्यादा) आणि ‘टेम्प फाइल लिमिट’ (तात्पुरत्या फाइलींची मर्यादा) ही सेटिंगे लावल्यास तक्त्यांच्या चुकीच्या जोडणीमुळे (जॉइन) भरकटलेली क्वेरी रात्रभर डिस्क भरत बसणार नाही.

एवढे केल्यावर बाहेरचे कुंपण घालायचे ते सीग्रुप या, प्रोसेसच्या गटाला साधनांची मर्यादा घालणाऱ्या सुविधेने. ती २००८ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे आणि सिस्टिमडी या सेवा चालवणाऱ्या प्रणालीच्या सेवा-फाइलमधून सहज वापरता येते. येथे ‘मेमरीमॅक्स’ ही मेमरीची कमाल सीमा जपून वापरावी. ती ओलांडली जाऊ लागली आणि कर्नलला मेमरी मोकळी करता आली नाही, तर तो गटातील एखादी प्रोसेस ठार करतो. आणि पोस्टग्रेएसक्यूएलची एक जोडणी अशी मारली गेली, की सामायिक मेमरी बिघडली असावी असे मानून मुख्य प्रोसेस बाकीच्या सर्व जोडण्याही तोडते व रिकव्हरी सुरू करते. म्हणून ‘मेमरीमॅक्स’च्या आधी ‘मेमरीहाय’ ही सीमा लावावी. ती प्रोसेस मारत नाही, मंद करते. फाइलींचा पेज कॅशही (वाचलेल्या फाइलींची मेमरीत ठेवलेली प्रत) या हिशेबात धरला जातो, तेव्हा आकडा सढळ ठेवावा.

‘सीपीयूकोटा’ ही सीपीयूच्या वेळेवरची पक्की मर्यादा मात्र आम्ही सुचवणार नाही. ४०० टक्के म्हणजे चार कोअर. तथापि हिशेब १०० मिलिसेकंदांच्या फेऱ्यांनी होतो, त्यामुळे आठ प्रोसेस एकदम धावल्या तर ५० मिलिसेकंदांतच कोटा संपतो आणि उरलेले ५० मिलिसेकंद साऱ्या थिजतात. त्यांपैकी एखादीने लॉक (इतरांना थांबवून ठेवणारे कुलूप) धरलेला असला तर तोही तसाच धरलेला राहतो, आणि हे सर्व इतर कोअर रिकामे असतानाही घडू शकते. त्यापेक्षा ‘सीपीयूवेट’ बरा : त्याचे भारांक गर्दी झाली तरच विचारात घेतले जातात.

डेबियन किंवा उबुंटूवर ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ या नावाची सेवा केवळ नावापुरती असते. तिच्यावर घातलेली मर्यादा डेटाबेसपर्यंत पोहोचत नाही. खरी सेवा म्हणजे जिच्या नावात ‘ॲट’च्या चिन्हापुढे आवृत्ती आणि क्लस्टरचे नाव असते ती.

प्रश्न : मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसमधील रिसोर्स ग्रुपने मेमरीवर मर्यादा घालता येते का?

उत्तर : नाही. त्या गटांना केवळ कोणते सीपीयू वापरायचे आणि थ्रेडचा प्राधान्यक्रम काय असावा, एवढेच सांगता येते. लिनक्सवर प्राधान्यक्रमासाठी सर्व्हरच्या प्रोसेसला वेगळी परवानगीही द्यावी लागते. मेमरीसाठी इनोडीबीचा (मायएसक्यूएलचा साठवणुकीचा भाग) बफर पूल, म्हणजे कॅश, आणि जोडण्यांची कमाल संख्या यांवरच लक्ष ठेवावे. त्यांची मूळ मूल्ये अनुक्रमे १२८ एमबी आणि १५१ अशी आहेत. एखाद्या वापरकर्त्याचाच त्रास असेल, तर त्याच्या खात्यापुरती एकाच वेळच्या जोडण्यांची किंवा ताशी क्वेरींची मर्यादा घालता येते.