पुण्याहून अलिबागला मुलांना घेऊन जाताना इमॅजिका हे मनोरंजन पार्क कोणत्या दिवशी ठेवावं?

जातानाच उरका. इमॅजिका खोपोलीजवळ, म्हणजे तुमच्या वाटेवरच आहे. तिथून पुढे पेणमार्गे अलिबाग. मुक्कामाच्या मधल्या दिवशी मुद्दाम उलटं आलात तर मुलं गाडीतच पेंगतील.

थीम पार्क आणि वॉटर पार्कची तिकिटं वेगवेगळी असतात. पुढे समुद्र आहेच, म्हणून मी थीम पार्कच घेईन.

निघण्याआधी मुलांना भिंतीला उभं करून उंची मोजा. नायट्रोसारख्या मोठ्या राइडला उंचीची अट असते. रांगेत ताटकळून ऐनवेळी मागे फिरावं लागलं की पोर असं हिरमुसतं, बघवत नाही. शनिवार-रविवार टाळा. उघड्यावरच्या राइड सकाळीच करा, ऊन चढलं की आतल्या. रात्री खोपोलीतच मुक्काम करा, थकलेल्या मुलांना घेऊन पुढच्या रस्त्याची घाई नको.