दोन इंच पाणी म्हणजे नक्की किती? वाचकांचे प्रश्न

या वेळी पाणी मोजण्यावरचे तीन प्रश्न एकत्रच घेतलेत, तिघांची गोची एकच आहे.

प्रश्न : नवीन बोअर घेतला, गाडीवाला म्हणाला दोन इंच पाणी लागलंय. आता ड्रिपवाला विचारतोय एलपीएच (तासाला किती लिटर) किती ते सांगा. एक एकर डाळिंब आहे, 14 बाय 10 फुटांवर, झाडाला तासाला 4 लिटरचे 4 ड्रिपर टाकायचेत. पुरेल का? (सांगोला)

उत्तर : दादा, आधी गाडीवाल्याला फोन लावा आणि विचारा की इंच कशाचे. दोन इंची पाईप भरून पाणी पडत होतं असं त्याचं म्हणणं असेल तर ते सोडून द्या, कारण पाईपातनं पाणी किती वेगाने येतंय ते कळल्याशिवाय लिटर निघतच नाहीत. पण बरेच जण व्ही नॉच लावून मोजतात, म्हणजे काटकोनी खाच पाडलेला पत्रा, त्या खाचेतून पाणी सोडायचं आणि खाचेच्या तळापासून पाणी किती इंच वर चढलंय ते बघायचं. तसं मोजलं असेल तर हिशोब लागतो. 1 इंचाला तासाला साधारण 500 लिटर, आणि 2 इंचाला 1,000 नाही बरं का, जवळपास 2,900! 3 इंचाला तर 8,000 च्या आसपास. कारण पाणी वर चढलं की खाचेतली धार रुंदही होते आणि तिचा वेगही वाढतो, त्यामुळे इंच दुप्पट झाले की पाणी साडेपाच पटीच्याही वर जातं.

आता तुमचा एकर. 43,560 चौरस फूट भागिले 140, म्हणजे 311 झाडं. झाडाला तासाला 16 लिटर, सगळे मिळून 5,000 एलपीएच धरा. तुमच्याकडे 2,900. म्हणजे अख्खा एकर एका वेळी चालणार नाही, दोन व्हॉल्व्ह करून अर्धा-अर्धा एकर आळीपाळीने भिजवा, अर्ध्या एकराला 2,500 लागतात, ते भागतं. आणि गंमत बघा, पाणी अडीच इंच चढलं असतं तर तेच 5,000 झालं असतं आणि एकाच व्हॉल्व्हवर भागलं असतं. म्हणजे पट्टी धरताना अर्धा इंच इकडेतिकडे झाला तरी अख्खं डिझाईन बदलतं, म्हणून मी तर गाडीवाल्याच्या आकड्यावर पाईप विकत घेणारच नाही.

शिवाय तो आकडा कॉम्प्रेसरने पाणी उडवतानाचा. मोटर बसली की दोन-तीन तास सलग चालवा आणि मग 200 लिटरचा ड्रम धारेखाली ठेवून मोबाईलवर वेळ लावा. लिटर गुणिले 3,600 भागिले सेकंद, झाला एलपीएच. ड्रम 4 मिनिटांत भरला तर 3,000. हेच उन्हाळ्यात परत करा आणि ड्रिपवाल्याला उन्हाळ्याचाच आकडा द्या. मोटर 5 एचपीची आहे वगैरे त्याला सांगून उपयोग नाही, बोअरमध्ये जेवढं येतंय तेवढंच ती उचलणार.

प्रश्न : खडकवासल्यातून 10 हजार क्युसेकने पाणी सोडलं अशी बातमी येते, धरणात किती आहे ते मात्र टीएमसीत सांगतात आणि शहराला किती लागतं ते एमएलडीत. हे एकमेकांत कसं बसवायचं? (सिंहगड रोड, पुणे)

उत्तर : टीएमसी हा साठा आहे, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, त्यात वेळेचा संबंध नाही. क्युसेक आणि एमएलडी हे प्रवाह. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे 28.3 लिटर. (टीव्हीवर "क्युसेक प्रति सेकंद" म्हणतात तेव्हा सेकंद दोनदा मोजला जातो, ते कानाआड करा.) 1 एमएलडी म्हणजे दिवसाला 10 लाख लिटर.

जोडणारा आकडा एकच, दिवसाचे 86,400 सेकंद. 11,574 क्युसेक दिवसभर चालू राहिलं की 1 टीएमसी गेलं. आणि 1 एमएलडी म्हणजे सेकंदाला 11.574 लिटर. आकडे तेच, कारण दोन्हीकडे 86,400 नेच भागलंय, त्यामुळे एक लक्षात राहिला की दुसरा फुकट. क्युसेकचं एमएलडी करायचं तर 2.45 ने गुणा.

तुमचे 10 हजार क्युसेक दिवसभर चालले तर 0.86 टीएमसी, दोन दिवसांत 1.73. खडकवासल्याची क्षमताच 1.97 टीएमसी आहे, म्हणजे दोन दिवसांत जवळजवळ अख्खं धरण खाली उतरलं, तरी पातळी तशीच दिसते कारण वरून पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी येतच असतं. आणि गेलेलं पाणी वाया नाही, मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत जातं.

प्रश्न : भावाने अमेरिकेहून शॉवर आणला, त्यावर 2.5 जीपीएम (मिनिटाला गॅलन) लिहिलंय. मी गॅलनचे साडेचार लिटर धरून मिनिटाला 11 लिटर काढले, प्रत्यक्षात धार एवढीशी. शॉवर खराब आहे का? (नाशिक, वरचा मजला)

उत्तर : ताई, साडेचारचा गॅलन इंग्लंडचा, अमेरिकेचा 3.785 लिटरचा, म्हणजे साडेनऊ लिटरच. पण खरी गडबड गॅलनची नाहीये. तिकडे तो 2.5 आकडा 80 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) प्रेशरला मोजतात आणि तुमची टाकी शॉवरच्या 10 फूट वर असेल तर तुम्हाला मिळतंय फक्त 4.3 पीएसआय. प्रवाह साधारण प्रेशरच्या वर्गमुळाने बदलतो, त्या हिशोबाने मिनिटाला दोन-सव्वादोन लिटर येतील, थोडं इकडेतिकडे. शॉवर चांगलाय. एकतर प्रेशर पंप बसवा, नाहीतर तो भावाला परत द्या आणि इथल्याच दुकानातून टाकीच्या प्रेशरवर चालणारा मोठ्या भोकांचा घ्या, तो स्वस्तही पडेल.